लोकरीच्या कपड्यांना लागणारी कसर: ओळख, उपाय आणि साठवण

कपाटात उडताना दिसणारे पाखरू कपडे खात नाही. पूर्ण वाढ झाल्यावर त्याला अन्न घेता येईल असे तोंडच उरत नाही. अळी असताना अंगात साठवलेल्यावर ते काही आठवडे जगते, वीण करते आणि मरते. शिवाय जे उडताना दिसतात ते बहुतेक नर. मादी उडण्यापेक्षा घडीच्या आत तुरुतुरु पळणे पसंत करते. कपडा कुरतडते ती अळी, आणि ती उजेडात सहसा येत नाही. म्हणून पाखरे मारत बसून किंवा कपाटाच्या कोपऱ्यात दोन डांबरगोळ्या टाकून काम भागत नाही. कपड्यांतली अंडी आणि अळ्या मारणे, खोलीत त्यांचा उगम शोधून साफ करणे आणि स्वच्छ कपडे हवाबंद ठेवणे ही तिन्ही कामे एकाच फेरीत व्हावी लागतात. एक जरी राहिले तरी काही महिन्यांत पुन्हा तीच भोके दिसतात.

अळ्या काय खातात

लोकर, केस, पिसे, फर आणि नमदा या सगळ्यांचा पाया केराटिन हे प्रथिन असते. त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात, त्यामुळे बहुतेक प्राण्यांना ते पचत नाही. कसरीच्या अळीच्या आतड्यात मात्र हे बंध तुटतील असे अल्कधर्मी वातावरण आणि तशी विकरे असतात. त्यामुळे मेंढीची लोकर, पश्मिना, मोहेर, अंगोरा, उंटाच्या केसांचे कापड हे सगळे तिचे अन्न. पियानोतले नमद्याचे तुकडे आणि पिसांच्या उशाही त्यातच येतात.

रेशीम वेगळे. त्यात केराटिन नसून फायब्रॉइन असते. पतंगाची अळी शुद्ध, स्वच्छ रेशमाच्या वाटेला फारशी जात नाही, पण कसरीतला दुसरा किडा, म्हणजे भुंगेरा, त्याची अळी जाते. सुती आणि कृत्रिम धाग्यांचे कापड दोघींनाही पचत नाही. तरीही लोकर-पॉलिएस्टरच्या मिश्र कापडाला भोके पडतात, कारण लोकरीचे धागे खाताना मधले बाकीचे धागेही कुरतडले जातात. सुती कापडावर अन्नाचा किंवा घामाचा डाग असेल तर तेवढा भागही सुटत नाही. खळ घातलेले सुती कपडे आणि पुस्तके खाणारा चंदेरी, लांब मिशांचा, सरपटणारा किडा हा निराळाच प्राणी. त्याला पिष्ट हवे असते, लोकरीवरच्या भोकांचा दोष त्याच्यावर टाकू नये.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट ही, की नुसत्या स्वच्छ लोकरीवर अळी नीट वाढत नाही. तिला ब जीवनसत्त्वे आणि क्षार लागतात, आणि ते तिला घाम, त्वचेचा तेलकटपणा, लाळ, सांडलेले अन्न यांतून मिळतात. भोके कॉलरच्या आतल्या बाजूला, बगलेत, बाह्यांच्या कडांना आणि छातीवर जिथे काही सांडले होते तिथे आधी पडतात, ती यामुळेच. एकदाच वापरलेली शाल ‘स्वच्छच तर आहे’ म्हणून न धुता वर्षभर ठेवून देणे हे कसर लागण्याचे सर्वात नेहमीचे कारण आहे.

कोणता किडा आहे ते ठरवा

घरातली कसर मुख्यतः दोन जातकुळींची: पतंगांची आणि भुंगेऱ्यांची. उपाय बरेच सारखे असले तरी शोध वेगवेगळ्या ठिकाणी घ्यावा लागतो, म्हणून आधी ओळख.

जाळे विणणारा कपडे-पतंग, शास्त्रीय नाव टिनिओला बिसेलिएला, मिटल्या पंखांनी ६ ते ८ मिलिमीटर लांब, फिकट सोनेरी आणि चमकदार असतो. पंखांवर ठिपके नसतात, डोक्यावर तांबूस केसांचा झुबका असतो. मादी साधारण ४० ते ५० अंडी घालते, कधी याहून पुष्कळ जास्त. अंडे अर्धा मिलिमीटरचे, पांढरट, धाग्यांच्या मध्ये ठेवलेले असते. उबेत ती ४ ते १० दिवसांत फुटतात, थंडीत तीन आठवडेही लागतात. अळी मलईच्या रंगाची, डोके तपकिरी, पूर्ण वाढल्यावर सुमारे १ सेंटिमीटर. ती खाते तिथेच रेशमी धाग्यांची नळी किंवा जाळी विणते आणि त्यात तिची विष्ठा अडकून राहते. ही विष्ठा वाळूच्या कणांसारखी दिसते आणि तिला कापडाचाच रंग येतो. लाल स्वेटरखाली लाल कण सापडले तर समजावे.

याचा भाऊबंद टिनिआ पेलिओनेला. याच्या करड्या-तपकिरी पंखांवर अस्पष्ट गडद ठिपके असतात. अळी खाल्लेल्या धाग्यांचेच दोन्ही टोकांना उघडे असे नळीसारखे घरकुल करते आणि ते अंगावर घेऊन फिरते. कोषात जायच्या वेळी ती कपडा सोडून भिंतीवर, छताच्या कोपऱ्यात चढते.

भिंतीवर आणखी एक घरकुल दिसते: चपटे, मधे रुंद, टोकांना निमुळते, भोपळ्याच्या बीसारखे, धूळ-वाळूच्या रंगाचे. दमट, उबदार हवेच्या घरांत हे फार असते. यातली अळी मुख्यतः कोळ्यांची जुनी जाळी, केस आणि मेलेले किडे खाते. लोकर सापडली तर तीही खाते, पण तिच्यासाठी कपाट रिकामे करायची गरज नाही. जाळ्या काढा, भिंती झाडा, तेवढ्याने ती आटोक्यात राहते.

गालिचा-भुंगेरे दिसायला अगदीच वेगळे. प्रौढ भुंगेरा गोलसर, २ ते ५ मिलिमीटरचा. अँथ्रेनस जातीत पाठीवर पांढरट, पिवळे, तपकिरी खवल्यांची नक्षी असते आणि अ‍ॅटाजेनस काळसर, एकरंगी असतो. प्रौढ फुलांचे पराग खातात, उजेडाकडे ओढले जातात, म्हणून खिडकीच्या कठड्यावर मेलेले सापडतात. अळी जाड, पट्टेदार, केसाळ आणि सावकाश चालणारी असते. अ‍ॅटाजेनसची अळी गाजरासारखी निमुळती असून शेपटीला केसांचा झुपका असतो. हिचे जाळे नसते. कपड्यात कात टाकलेल्या पोकळ, तपकिरी, केसाळ साली सापडतात आणि त्याच तिची खूण. या केसांमुळे काहींना अंगावर पुरळ येते, ते चावे समजले जातात. अळी भटकी असते, एका कपड्याला एखादे भोक पाडून दुसऱ्याकडे जाते, त्यामुळे नुकसान विखुरलेले दिसते.

स्वयंपाकघरात दिव्याभोवती घिरट्या घालणारे, पंखांचा मागचा अर्धा भाग तांबूस असलेले पाखरू धान्यातले असते. त्यासाठी पीठ आणि डाळीचे डबे तपासा, कपाट नको.

भोक किड्याचेच आहे का

सगळी भोके कसरीची नसतात. कपडा उजेडासमोर धरून भिंगाने पाहा. कुरतडलेल्या धाग्याचे टोक एकदम संपते, आजूबाजूच्या पृष्ठभागावरची लव खरवडल्यासारखी गेलेली असते आणि भोकाजवळ जाळी, कण किंवा साल असते. ओढून तुटलेल्या धाग्याचे टोक पिंजारलेले, लांबट दिसते. पोटाशी, पट्ट्याच्या बकलच्या उंचीवर ओळीने पडलेली बारीक भोके बहुधा घासून पडतात. धुलाईयंत्रात साखळीच्या दातांत अडकून पडलेली भोकेही अशीच फसवतात.

शंका असेल तर कपडा पांढऱ्या कागदावर जोरात झटका, मग काळ्या कागदावर. अंडी आणि जाळी काळ्यावर दिसतात, साली आणि कण पांढऱ्यावर. झटकताना कॉलर उलटी करा, खिसे बाहेर काढा, अस्तराच्या शिवणी आणि विजारीची दुमडलेली टोके बोटाने उघडून बघा. मोकळ्या पृष्ठभागावर काही नाही म्हणून कपडा निर्दोष ठरत नाही.

आधी पिशव्या

एका कपड्यात सापडले की त्या कपाटातले प्राणिज धाग्यांचे सगळे कपडे संशयित धरा. प्रत्येक कपडा जिथे आहे तिथेच पॉलिथीनच्या पिशवीत घाला, तोंड पीळ देऊन चिकटपट्टीने बंद करा आणि मगच खोलीबाहेर न्या. उघडा ढीग हातात घेऊन घरभर फिरलात तर अंडी वाटेत गळतात. ती कापडाला फार घट्ट चिकटलेली नसतात.

मग पिशव्यांचे तीन गट करा. पहिल्या गटात पाण्याने धुता येतील असे कपडे, दुसऱ्यात ड्रायक्लीनिंगचे कपडे. जे धड धुताही येत नाहीत आणि तापवताही येत नाहीत ते तिसऱ्यात. ज्यात लोकरीपेक्षा भोकेच जास्त उरली आहेत ते बांधून टाकून द्या. ‘पुढे कधीतरी बघू’ म्हणून ठेवलेला असा एक स्वेटर सगळ्या कपाटाला पुरतो.

गोठवणे

घरी करता येणारा सर्वात भरवशाचा उपाय हाच. रसायन नाही, कापड आटत नाही, रंग जात नाही. पण तो अर्धवट केला तर अळ्या फक्त गारठतात आणि नंतर हालचाल करू लागतात.

तापमान उणे १८ अंश सेल्सियस किंवा त्याखाली हवे, आणि तेही सलग दोन आठवडे. उणे ३० पर्यंत जाणारे व्यावसायिक यंत्र असेल तर तीन दिवस पुरतात. एकदारी फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर विसंबू नका. तिथे अनेकदा उणे १० च्या आसपासच तापमान असते आणि दार उघडझाप झाली की तेही चढते. आत थर्मामीटर ठेवून एक रात्र तपासा. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ४ अंशांना, कसर मरत नाही, फक्त थांबते.

कपडा पूर्ण कोरडा असावा. सैल घडी घालून पिशवीत ठेवा, हवा दाबून काढा, तोंड चिकटपट्टीने बंद करा, वरून दुसरी पिशवी घाला. गठ्ठे लहान आणि एकमेकांपासून सुटे ठेवा. इथेच चूक होते: लोकर स्वतःच उष्णतारोधक आहे, त्यामुळे दाबून भरलेल्या मोठ्या गठ्ठ्याचा गाभा फार हळू गार होतो, आणि हळू गार होणाऱ्या किड्याला थंडीशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो. झटका जितका अचानक तितका बरा. म्हणून पिशवी आधी बाल्कनीत किंवा थंड जागी ‘थोडी गार’ करायला ठेवू नका, खोलीच्या तापमानातून थेट फ्रीझरमध्ये घाला.

बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. हवेतले बाष्प थंड कापडावर जमते आणि कपडा ओला होतो. बंद पिशवी २४ तास तशीच राहू द्या, पाणी पिशवीच्या बाहेर जमेल. अंड्यांबद्दल अधिक खात्री हवी असेल तर फेरी दोनदा करा: एक आठवडा गोठवा, एक दिवस बाहेर, पुन्हा एक आठवडा. पहिल्या फेरीतून तगलेला जीव खोलीच्या उबेत जागा होतो आणि दुसऱ्या झटक्याला तोंड देऊ शकत नाही.

मणी जडवलेले, गोंदाने चिकटवलेले, रंगवलेल्या चामड्याचे किंवा आधीच जीर्ण झालेले कापड घरी गोठवू नये. थंडीत काही भाग जास्त आकसतात, काही कमी, आणि जोड सुटतात.

उष्णता

कापडाच्या गाभ्यापर्यंत ५५ अंश सेल्सियस पोचले आणि तासभर टिकले तर अंडी, अळी, कोष, प्रौढ सगळे मरतात. ‘गाभ्यापर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा. थर्मामीटरचे टोक गठ्ठ्याच्या मधोमध खुपसून मोजल्याशिवाय वेळ मोजायला सुरुवात करू नका.

उष्णता सोसणाऱ्या कोरड्या कपड्यांसाठी ड्रायर सोयीचा. लोकर आटते ती ओलावा, उष्णता आणि घुसळण एकत्र आल्यावर, त्यामुळे ओला लोकरी कपडा गरम ड्रायरमध्ये कधीही घालू नका, आणि कोरडा घालायचा तरी आधी त्यावरची खूणचिठ्ठी वाचा. इस्त्रीची वाफ शिवणी, कॉलर, काजांच्या कडा यांना उत्तम. ओलसर कापड वर ठेवून प्रत्येक जागी काही सेकंद थांबत जा. तिचा परिणाम वाफ जिथे पोचते तेवढ्याचपुरता.

उन्हाबद्दल दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. नुसते दोरीवर ऊन दाखवल्याने कसर मरत नाही, पण उजेड आणि हालचाल अळ्यांना नको असते, त्या निसटून पडतात. दोन-तीन तास ऊन आणि नंतर कडक ब्रशने झटकणे हा चांगला नियम आहे. कपडा उलटा करून, शिवणींच्या दिशेने झाडा, आणि हे काम कपाटापासून दूर, बाहेर करा. किडे मारण्यासाठी ऊन वापरायचे तर काळ्या बंद पिशवीत कपडे सैल ठेवून, खाली थर्मोकोलचा तुकडा घालून, कडक उन्हात ठेवावे लागते, आणि गाभ्यात ५५ अंश झाले की नाही ते मोजावे लागते. ढग आले आणि तापमान ४० वर अडकले तर अळ्या फक्त गठ्ठ्याच्या थंड भागाकडे सरकतात. रेशीम, फर, चामडे आणि जुने कापड या प्रयोगात घालू नये.

मायक्रोवेव्हमध्ये कपडे घालण्याचा सल्ला कुठे वाचाल तर सोडून द्या. धातूची बटणे आणि साखळ्या ठिणग्या टाकतात, लोकर करपते आणि तरी गठ्ठा सगळीकडे सारखा तापत नाही.

धुणे

हाताने कोमट पाण्यात धुतल्याने बरीच अंडी आणि अळ्या निघून जातात, पण ३० अंशांच्या पाण्याने सगळ्या मरतील याची खात्री नाही. म्हणून क्रम असा: आधी गोठवणे, मग धुणे, मग पूर्ण वाळवणे. धुण्याने अळीचे जेवण जाते, आणि ते गोठवण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

पावडर निवडताना ‘एन्झाइम’ असलेली नको. डाग काढण्यासाठी त्यात प्रथिने तोडणारे विकर असते आणि लोकर-रेशीम ही स्वतःच प्रथिने आहेत. नेहमी वापरल्यास धागा कमकुवत होतो. ब्लीच तर लोकर विरघळवते. लोकरीसाठीचे सौम्य द्रावण घ्या, पाण्याचे तापमान पहिल्यापासून शेवटच्या खळबळण्यापर्यंत सारखे ठेवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवे पसरून वाळवा.

ड्रायक्लीनिंगच्या द्रावकाने सगळ्या अवस्था मरतात, डागही जातात. पण कपड्यावर संरक्षण काही उरत नाही. घरी आणून त्याच न झाडलेल्या कपाटात टांगला तर दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा उघडा आहे. देताना किड लागल्याचे सांगा आणि बंद पिशवीतच द्या.

खोलीतला उगम

पुन्हापुन्हा कसर लागत असेल तर उगम बहुधा कपाटाबाहेर असतो. पाळीव प्राण्यांचे केस साठलेली फट, पलंगाखालचा लोकरी गालिचा, खिडकीच्या वरच्या कोनाड्यातले पक्ष्याचे घरटे, माळ्यावर मेलेला उंदीर, दिव्याच्या काचेत साठलेले मेलेले किडे, विसरलेली नमद्याची टोपी. घरटी आणि मेलेले प्राणी हे भुंगेऱ्यांचे मूळचे घर. तिथून अळ्या आत सरकतात. घरटे काढायचे ते पिल्ले उडून गेल्यावरच.

कपाट पूर्ण रिकामे करा, खण बाहेर ओढा, खाली अंथरलेला कागद टाकून द्या. व्हॅक्यूम क्लीनरला चपटे, अरुंद तोंड लावून फळ्यांचे सांधे, बिजागऱ्यांच्या खोबणी, खणांची मागची बाजू, भिंत आणि जमीन यांमधली फट सावकाश ओढून घ्या. गालिचाचा मधला भाग रोज पायाखाली असतो, तिथे सहसा काही नसते. जड फर्निचरखालचा भाग आणि कडा उलटून दोन्ही बाजूंनी साफ करा. काम संपताच धुळीची पिशवी बांधून घराबाहेर टाका, नाहीतर व्हॅक्यूम क्लीनरच नवे घरटे होतो. पहिला महिना हे आठवड्यातून एकदा, पुढे महिन्यातून एकदा.

फळ्या साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरड्या होऊ द्या. फटींमध्ये फवारणी करायचीच असेल तर कपडे-पतंगांसाठी वापराची परवानगी लेबलवर स्पष्ट लिहिलेले औषध घ्या, फवारा फक्त फटींत मारा आणि वाळल्यावरच कपडे ठेवा. पर्मेथ्रिन असलेली औषधे मांजरांना आणि माशांना फार विषारी असतात. नेसायच्या कपड्यांवर फवारा मारू नका.

डांबरगोळ्या, देवदार आणि सुगंध

डांबरगोळ्या काम करतात, पण लोक वापरतात तशा नाही. नॅफ्थलीनची वाफ अळी मारते, मात्र त्यासाठी ती दाट होऊन काही आठवडे कोंडून राहावी लागते. दार फटी-फटींचे असलेल्या कपाटात ती कधीच दाट होत नाही. खोलीत वास येतोय याचा अर्थ वाफ कपड्यांतून निसटून तुमच्या फुप्फुसात जाते आहे. वापरायच्याच असतील तर हवाबंद पेटीत, लेबलवरच्या प्रमाणात, कापडी पुरचुंडीत घालून कपड्यांच्या वर ठेवा. वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली उतरते. गोळी कापडाला टेकू देऊ नका.

धोके मात्र खरे आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नॅफ्थलीन आणि काही गोळ्यांत त्याऐवजी असणारे पॅराडायक्लोरोबेन्झीन या दोन्हींना ‘माणसात कर्करोग होण्याची शक्यता’ या गटात, २ब मध्ये, ठेवले आहे. युरोपीय संघात नॅफ्थलीनच्या गोळ्यांची विक्री २००८ मध्ये बंद झाली. जी६पीडी विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांमध्ये नॅफ्थलीनने तांबड्या पेशी फुटतात. गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत गुंडाळलेल्या तान्ह्या बाळांना यामुळे गंभीर कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. बाळाचे कपडे आणि पांघरुणे यांच्यासाठी गोळ्या वापरूच नयेत. लहान मुले त्या गोळ्या खाऊ समजून तोंडात घालतात, हा दुसरा धोका. नॅफ्थलीन आणि पॅराडायक्लोरोबेन्झीन एका पेटीत मिसळू नका: दोन्ही मिळून पातळ होतात आणि कपड्यावर डाग पाडतात. दुसऱ्याने प्लास्टिकची काही बटणेही विरघळतात.

देवदारजातीच्या लाकडाचे तेल ताजे असताना आणि पेटी घट्ट असताना अगदी कोवळ्या अळ्यांना मारू शकते. मोठी अळी त्याला दाद देत नाही आणि काही वर्षांत तेल उडून जाते. लॅव्हेंडरच्या पुड्या, संत्र्याच्या साली, वाळलेला सुगंधी पाला यांनी कपाटाला वास चांगला येतो. कसर थांबल्याचा भरवसा मात्र त्यांवर ठेवता येत नाही. कापूरही विषारी आहे, गोळ्यांचा निरुपद्रवी पर्याय म्हणून तो वापरू नये.

सापळे कशासाठी

मादीच्या गंधासारखे आमिष लावलेला चिकट सापळा फक्त नरांना पकडतो, आणि तोही बहुतेक वेळा टिनिओला बिसेलिएला या एकाच जातीचा. माद्या आणि अळ्या आपले काम करत राहतात, भुंगेऱ्यांना तर त्याचे देणेघेणे नाही. मग घ्यायचा कशाला? मोजायला. प्रत्येक खोलीत एक, कपाटाजवळ जमिनीपासून कमी उंचीवर लावा, तारीख लिहा, दर आठवड्याला सापडलेले नर मोजून लिहून ठेवा. आकडा एका खोलीत जास्त येत असेल तर उगम तिथे शोधा. आमिष साधारण तीन महिन्यांनी निकामी होते, तेव्हा बदला. जुना रिकामा सापळा पाहून ‘गेली कसर’ असे वाटणे ही नेहमीची फसगत आहे. भुंगेऱ्यांसाठी खिडकीचे कठडे बघा.

उपचारानंतर पतंगांवर निदान सहा महिने नजर ठेवा. थंडीत किंवा अन्न तुटपुंजे असताना अळीचा काळ वर्षाहून जास्त लांबू शकतो. भुंगेऱ्यांचा जीवनक्रम मुळातच सावकाश, अनेकदा वर्ष-दोन वर्षांचा, त्यामुळे त्यांच्या बाबतीत वर्षभर तरी शिथिल होऊ नये.

साठवण

कपडा स्वच्छ आणि अगदी कोरडा झाल्याशिवाय बंद करू नका. दमट कपडा हवाबंद पिशवीत गेला तर कसरीऐवजी बुरशी लागते. दमट हवेत सिलिका जेलच्या पुड्या आत ठेवा आणि ओलावा धरल्या की बदला.

रबरी पट्टीचे घट्ट झाकण असलेला डबा किंवा चिकटपट्टीने बंद केलेली जाड पॉलिथीन पिशवी चालते. सूट ठेवायच्या साखळीच्या पिशव्या सुरक्षित वाटतात, पण हँगरसाठीचे वरचे भोक आणि साखळीचे टोक उघडेच असते, आणि नुकत्या फुटलेल्या अळीला तेवढी फट पुष्कळ होते. ती भोके चिकटपट्टीने बंद करा. हवा ओढून घ्यायच्या पिशव्या अडथळा म्हणून ठीक, पण आत राहिलेली अंडी त्याने मरत नाहीत: हवा पूर्ण जात नाही आणि हळूहळू परत शिरते. शिवाय जाड विणीचे कपडे त्यात महिनोन्‌महिने चेपून बसतात. पीव्हीसीचे, नव्या प्लास्टिकचा उग्र वास मारणारे कव्हर टाळा. रेशीम आणि जुनी वस्त्रे धुतलेल्या, दाट विणीच्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा, कडा दोनदा दुमडा, घडीची रेघ दरवेळी वेगळ्या जागी घ्या.

रोजच्या वापरातले लोकरी कपडे कपाटात सुटसुटीत टांगा. महिन्यातून एकदा प्रत्येक कपडा बाहेर काढून झटका आणि ब्रश करा. अंडी आणि कोवळ्या अळ्या याने पडतात किंवा चिरडतात. नेहमी घातला जाणारा स्वेटर क्वचितच कुरतडला जातो.

जुन्या बाजारातून घेतलेला कोट, दुसऱ्याने दिलेली शाल, वारशाने आलेला गालिचा घरात येताच बंद पिशवीत जाऊ द्या आणि गोठवण्याची फेरी झाल्यावरच कपाटात ठेवा. मोठा गालिचा फ्रीझरमध्ये मावत नाही, तो व्यावसायिकांकडे द्यावा.

भोके रफू करण्याआधीही हाच क्रम. न गोठवलेला कपडा रफूसाठी दिला तर कसर तिथल्या बाकीच्या कपड्यांत जाते. बारीक भोकाच्या कडेचे सुटलेले धागे कापू नका, रफू करणाऱ्याला तेच धागे विणीची दिशा दाखवतात. धुण्याआधी कडेने सैल धावदोरा घालून ठेवा, म्हणजे भोक मोठे होत नाही. जुळता धागा हवा असेल तर त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून किंवा खालच्या दुमडीतून काढता येतो, रंग आणि जाडी दोन्ही बरोबर मिळतात.